लोखंड आणि डफडं

आमच्या ऑर्केस्ट्राच्या बॅनरवर पेंटरनं लाल अक्षरांत 'वर्ल्ड टूर' लिहिलं होतं. ही हौस आमच्या मास्टरची. कुठल्याशा मासिकात त्यानं परदेशी बँडचे फोटो पाहिले होते. नवी रेकॉर्ड निघाली की ते लोक म्हणे जगभर फिरतात. आमची कॅसेट निघाली, तेव्हा आम्हीही निघालो. आमचं जग खापरखेड्याला सुरू होऊन चंद्रपूर, बल्लारपूर, वणी करत परत खापरखेड्यालाच संपत होतं. जिथं कोळसा निघतो नाहीतर जळतो, तेवढंच.

मास्टर ऑर्गन वाजवायचा. नागपुरात महाल भागातल्या जुन्या घराण्यातला, खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या ऑफिसात कारकून, बोलायला गोड. मी तिथंच वर्कशॉपमध्ये फिटर. तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रे होते आणि सगळे सिनेमाचीच गाणी वाजवायचे. आमचं वेगळेपण माझ्या पाइपांमुळे होतं, हे मी कुणाची भीड न ठेवता सांगतो. भंगारात काढलेल्या बॉयलरच्या नळ्या मी साहेबांना विचारून आणल्या, लहानमोठ्या कापल्या आणि लोखंडी चौकटीला टांगल्या. पान्यानं ठोकल्या की दिवसभर कानात घोंघावणारा कारखाना एकाएकी ठेका धरायचा. कॉलनीतली माणसं खूश व्हायची, कारण तो त्यांचाच आवाज होता.

मी लोखंडच धरलं त्याला कारण होतं. गावी आमच्या आज्याच्या गळ्यात डफडं असायचं. लग्न असो की मरण, दुसऱ्यांच्या पुढं चालत ते वाजवायचं आणि मिळेल ते शिळंपाकं घेऊन परतायचं. छप्पन साली बाबा नागपूरला दीक्षा घेऊन घरी गेले आणि पहिलं काम त्यांनी केलं ते डफडं चुलीत घालण्याचं. त्यानंतर आमच्या घरात चामड्याचं वाद्य आलं नाही. ढोलकीसुद्धा नाही. माझे हात मात्र स्वस्थ बसत नव्हते. लोखंडाला बाबांची ना नव्हती. उलट एका रविवारी त्यांनी स्वतः कानस घेऊन माझ्या एका नळीची धार घासून दिली होती, हात कापू नये म्हणून.

रेकॉर्डिंग नागपुरातच झालं. टेप कंपनीकडे गेली, कॅसेट होऊन परत आली, आणि मी ती मास्टरच्या घरी ऐकली. माझे पाइप गायब. त्यांच्या जागी डफडं कडाडत होतं. कंपनीच्या माणसाला लोखंड म्हणे कर्कश वाटलं, त्याला मातीचा आवाज पाहिजे होता. मास्टरला हे आधीपासून माहीत होतं. कॅसेट खपली पाहिजे ना, एवढंच तो म्हणाला. कव्हरवर तालवाद्यांपुढं नाव मात्र माझंच छापलेलं होतं.

बाबांनी ती कॅसेट पानठेल्यावर ऐकली. ठेलेवाल्यानं कौतुकानं कव्हर त्यांच्या हातात दिलं. घरी आल्यावर मी परोपरीनं सांगितलं की ते मी वाजवलेलं नाही, कोण वाजवणारा तेही मला ठाऊक नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "नाव तुह्यं हाये. मंग हात दुसऱ्याचे कसे?" त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. पाणीसुद्धा आईकरवी मागायचे. खोट्या आरोपाची चीड येते ती वेगळी. बाबांना मी असा वाटू शकलो, याची चीड त्याहून मोठी होती. ती घेऊनच मी मेटॅडोरमध्ये बसलो.

प्रत्येक गावात कॅसेट आमच्या आधी पोचलेली होती. लोकांना जे ऐकलं तेच हवं होतं. चंद्रपूरला मी पहिला पाइप ठोकला तर स्टेजवर काही पडलं असं समजून माणसं उठून बघायला लागली, मग हुर्यो झाली. बल्लारपूरला पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं कानात बोटं घातली. ज्यांचा जन्म लोखंडाच्या आवाजात गेला, त्यांना आता लोखंड चूक वाटत होतं, आणि चूक करणारा मी. वणीला मास्टरनं चौकट मेटॅडोरमध्येच राहू दे म्हणून सांगितलं. मी वायरी गुंडाळल्या आणि स्पीकर उचलले.

शेवटचा कार्यक्रम खापरखेड्याला, आमच्या क्वार्टरमागच्या मैदानावर. स्टेजच्या मागं मास्टरनं नवंकोरं डफडं माझ्या मांडीवर ठेवलं. "घे. तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं ते," तो म्हणाला. प्रेमानं म्हणाला, तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर त्याची गचांडी धरता आली असती. मी वाजवणार नाही म्हटलं. त्यानं कारण विचारलं, आणि त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, पण त्याला माहीत करून घ्यायची कधी गरजच पडली नव्हती. घरच्या मैदानावर कार्यक्रम पडला तर तुझ्यामुळं पडेल, तू नाही तर मीच वाजवतो, असं तो म्हणाला. मी डफडं खुर्चीवर ठेवलं आणि मैदानातून बाहेर पडलो.

बाबा कार्यक्रमाला आले नव्हते. क्वार्टरच्या पायरीवर मैदानाकडं पाठ करून बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि त्याच वेळी क्वार्टरच्या मागून स्पीकरवर डफडं कडाडलं. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं, दोन्ही हातांकडं. किती तरी दिवसांनी ते माझ्याशी बोलले.

"मंग वाजवून कोन राहिला?"

"मास्टर."

"महालातला?"

मी मान हलवली. त्यांनी सरकून मला पायरीवर जागा करून दिली. मला वाटलं, आता म्हणतील की चुकलो गा मी. पण बाबांचं लक्ष डफड्याकडं होतं. बापाच्या शेजारी लहानपणी ऐकलेला तो ठेका त्यांची बोटं विसरली नव्हती. गुडघ्यावर ती हलायला लागली, तसा त्यांनी हात मुठीत आवळला.

"त्याले टाळ्या भेटतीन," ते म्हणाले. "माह्या बापाले शिळी भाकर भेटे. तेबी दुरून टाकलेली."

मैदानावर तेव्हा टाळ्याच पडत होत्या.