मुद्देमालातला दोर

लुकस मामा जमिनीवर असताना फार बोलत नसत. कमरेला पट्टा आवळून झाडावर पंधरा-वीस फूट गेले की मात्र त्यांचा आवाज सुटायचा. खाली उभा असलेला माणूस सरपंच असो, मुख्याध्यापक असो की घरमालक, सगळ्यांना सारख्याच मापाने मिळायचं. शिवी ते कधीच देत नसत. पण ऐकणाऱ्याला शिवी परवडली असती.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या शाळेच्या अंगणात. सुप्याजवळच्या एका गावात मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. अंगणातल्या चिंचेची एक जाड फांदी सातवीच्या वर्गाच्या पत्र्यावर ओणवी झाली होती, म्हणून मामांना बोलावलं होतं. दोर टाकून ते वर गेले, फांदी कुठून कापायची ते पाहिलं आणि मग त्यांची नजर खाली बुंध्यावर आली. आम्ही हौसेने बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधला होता, अगदी खोडाला भिडवून.

"सर, ह्यो पार कुणी बांधला?" ते वरून ओरडले.

"आम्हीच," मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले. "माजी विद्यार्थ्यांनी दिला."

"मंग त्या माजी विद्यार्थ्यांच्या गळ्याभवती असंच शिमिट वता, आन बघा किती दिस जगत्यात!"

खोडाभोवतीचं हातभर सिमेंट फोडायचं कबूल केल्याशिवाय ते खाली उतरले नाहीत. सर चिडले होते, पण पोरांसमोर झाडाखाली उभं राहून वाद तरी किती घालणार? दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

लोक त्यांना 'झाडतोड्या' म्हणत, आणि ह्या शब्दाचा त्यांना भयंकर राग. "तोडाया काय, कुऱ्हाड आन गाढव पुरतं," ते म्हणायचे. वाळलेलं काढायचं, बांडगूळ उतरवायचं, वाऱ्याने चिरलेलं खोड आवळून बांधायचं, घरावर येणारी फांदी अशी कापायची की झाडाची जखम आपोआप भरली पाहिजे, हे त्यांचं काम. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते. ती सोडून कापायचं, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं होतं. "पाऊस आला की घरात पडंल, शेंडाच उडवा," असं कुणी म्हटलं की ते सामान आवरायला लागत. सुप्यात एका बंगलेवाल्याने फारच आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "डोकं उडवलेला मानूस दारात उभा करनार का शोभंला? मंग झाड कशाला?" आणि हातची दोन दिवसांची कामं सोडून निघून आले.

स्वतःचं काम सुरू करण्याआधी पंधरा वर्षं ते विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडायच्या कामावर ठेकेदाराकडे होते. तिथे कोयता आणि बांबूची शिडी एवढंच मिळायचं. बरोबरचा एक माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत शिडीवरून पडला आणि परत उठला नाही. मामा त्या दिवशी काम सोडून घरी आले. पुण्यात जाऊन दोरावर चढायचं शिकले आणि एकेक करत सगळं सामान जमवलं. दोन दोर, मांड्यांना आणि कमरेला बसणारा पट्टा, लोखंडी कड्या, हेल्मेट, हाताची वाकडी करवत, साखळीचं मशीन. पट्ट्याची मांडीवरची शिवण उसवली तेव्हा मार्था मामींनी ती लाल दोऱ्याने दुहेरी घालून दिली होती.

दोर ते स्वतः धूत. कोमट पाणी, साबण अगदी थोडा, आणि वाळवायचा तो सावलीत. मग ओट्यावर बसून सगळा दोर बोटांतून ओढत. आई पोरीच्या डोक्यातल्या उवा बघते तसं चालायचं ते. कुठे धागा फुगलेला लागला की तो भाग कापून टाकत. एकदा मी म्हटलं, "मामा, एवढ्याशाने काय होणार?" तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

चोरी झाली ती भरदुपारी, रविवारी. मामा-मामी चर्चमध्ये प्रार्थनेला गेले असताना कुणीतरी अंगणातल्या त्यांच्या छोट्या टेम्पोचं कुलूप तोडलं आणि सामान नेलं. कोयता तेवढा ठेवला होता. बाकी सगळं गेलं.

पोलीस ठाण्यात मी त्यांच्यासोबत गेले होते, कारण अर्ज मी लिहिला होता. हवालदारांनी माझा अर्ज बाजूला सारला आणि स्वतःच्या भाषेत लिहून घेतलं. वाचून दाखवलं ते असं: 'जुनी दोरी, पट्टा व इतर किरकोळ साहित्य.'

"किरकोळ?" मामा म्हणाले.

"मग काय लिहू, सोनं-नाणं?"

"साहेब, तुमची बंदूक गेली तर लोखंडाचा किरकोळ तुकडा लिवनार का?"

हवालदार हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. त्यात वाईट असं काही नव्हतं. मामांच्या कामाला काम म्हणतात, हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तीन आठवडे मामा घरी बसून होते. चौथ्या आठवड्यात पारनेरच्या एका शाळेतला वड बघायला मी त्यांना माझ्या स्कूटीवर घेऊन निघाले. निदान काय करायचं ते सांगून तरी येऊ, असं ठरलं होतं. वाटेत रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि कडेची जुनी झाडं पाडत होते. एका मोठ्या वडावर, चाळीसेक फुटांवर एक माणूस लटकत होता. मामांनी माझ्या खांद्यावर इतक्या जोरात हात मारला की गाडी डगमगली.

"थांबवा. माझा पट्टा हाय त्यो."

मला एवढ्या लांबून काही दिसलं नाही. जवळ गेल्यावर दिसला तो लाल दोरा.

मला वाटलं, मामा आता रस्त्याच्या ठेकेदाराच्या अंगावर जाणार. ठेकेदार तिथेच होता, गाडीला टेकून फोनवर बोलत. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते वर बघत राहिले. वरच्या माणसाने पट्टा नुसता कमरेला अडकवला होता, मांड्यांचे बंद सुटे लोंबत होते. दोर ज्या फांदीवरून घेतला होता ती त्यानेच अर्ध्यापर्यंत कापून ठेवली होती.

"हालू नको!" मामा ओरडले. "मशीन बंद कर आन हालू नको! नाव काय तुझं?"

"बबन," वरून आवाज आला.

"बबन, तुझा दोर ज्या फांदीवर हाय ती तुटनार हाय. घाबरू नको. मी सांगतो तेवढंच कर. उजव्या पायाखाली जाड फांदी हाय, तिच्यावर बूड टेक. टेकलं का?"

"व्हय."

"आता मांडीचा बंद घे. एका हातानं खोड धर, दुसऱ्यानं घे."

ठेकेदार फोन ठेवून पुढे आला. "ओ, काम कुणाला विचारून थांबवलं?"

"तू गप," मामा मान न वळवता म्हणाले. "त्यो खाली येस्तवर एक सबूद बोललास तर मी तुला सोडनार न्हाई."

पाऊण तास लागला. कुठली गाठ कशी मारायची, दोर कुठल्या फांदीवर न्यायचा, कडी कुठे अडकवायची, हे मामा खालून एकेक करत सांगत होते, आणि मधूनमधून बबनला असे झापत होते की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. बबन खाली उतरला. चाळिशीचा, कुडाच्या काडीसारखा माणूस. मामांनी त्याला बसवलं, पाणी पाजलं आणि मग त्याच्या अंगावरचा पट्टा काढून घेतला.

"ए, तो आमचा माल आहे," ठेकेदार म्हणाला. "बाजारातून घेतलाय."

त्याच्या माणसांनी मामांना धक्के मारले. मी पोलिसांना फोन केला, आणि एवढ्या वर्षांनी वाटतं, करायला नको होता.

पोलीस आले, पंचनामा झाला आणि सगळं सामान मुद्देमाल म्हणून जप्त झालं. मामांनी हातात घट्ट धरलेला पट्टा हवालदाराने ओढून घेतला. "कोर्टाचा हुकूम आणा, मिळेल," म्हणाला. वकील, अर्ज, तारीख. तारखेला न्यायाधीशसाहेब रजेवर. पुढची तारीख. ठाण्यामागे बाजूंनी उघडी पत्र्याची शेड होती, तिच्यात जप्त मोटारसायकलींच्या ढिगावर मामांचे दोर टाकले होते. दर पंधरा दिवसांनी मामा जाऊन कुंपणातून बघून यायचे. ऊन लागतंय, म्हणायचे. "नुसतं सावलीला तरी ठिवा, साहेब," अशी विनंती त्यांनी माझ्यादेखत दोनदा केली. ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही, तो एका दोराच्या सावलीसाठी हात जोडून उभा होता. मला तेव्हा काहीतरी फोडावंसं वाटलं होतं. मी फक्त त्यांना चहा प्यायला घेऊन गेले.

आठ महिन्यांनी हुकूम मिळाला. एक दोर उंदरांनी कुरतडला होता, दुसऱ्यावर डिझेल सांडून तो कडक झाला होता. पट्ट्याचा रंग उडाला होता. मामांनी वहीत सही केली, सामान ठाण्याच्या फाटकाबाहेर आणलं, पिशवीतून कोयता काढला आणि तिथेच रस्त्यावर बसून दोन्ही दोरांचे हातहातभर तुकडे केले. मग पट्ट्याचे बंद कापले. हवालदार धावत बाहेर आले.

"अहो, वेड लागलं का? एवढं भांडून मिळवलं ना?"

"ह्ये परत कुनाच्या अंगावर गेलं तर त्यो मरंल," मामा म्हणाले. "तुमच्या वहीत किरकोळ हाय, तवा राग मानू नका."

चोरीचा माल घेतल्याचा ठेकेदारावरचा खटला त्यानंतर दीड वर्षाने उभा राहिला. बबनला साक्षीला बोलावलं होतं. त्याने मामांकडे पाहिलं आणि सांगितलं, "पट्टा कुठून आला मला माहीत न्हाई. त्या दिवशीचं काही आठवत न्हाई." ठेकेदार सुटला. मी कोर्टाच्या जिन्यात बबनला गाठून बोलणार होते, तर मामांनी माझा दंड धरला. "जाऊ द्या, बाई. त्याच्या घरी चार पोरं हायत, आन काम देनारा त्योच हाय." मला नाही पटलं. चाळीस फुटांवरून ज्याने आपल्याला जिवंत उतरवलं त्याला ओळखायचं नाही, हे मला अजूनही पटत नाही.

नवं सामान मामांनी घेतलं नाही. वय झालं म्हणाले, पण कारण ते नव्हतं. सुप्यातली खोली सोडून ते मामींच्या माहेरी कोल्हारला गेले. प्रवरेच्या काठाला मेव्हण्याची पेरूची बाग आहे, तिथे जमिनीवर उभं राहून जे करता येतं ते करतात. मी सुटीत जाऊन येते. एकदा मी असताना बबन आला. पत्ता विचारत विचारत आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "मामा, माफी मागाया आलोय." मामींनी त्याला बसायला पाट दिला. मामांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तुझ्याकडं माफी निघत न्हाई. ज्याच्याकडं निघती त्यो येत न्हाई. तू चा पी." बबन चहा पिऊन गेला. मामींच्या चर्चमधल्या पाळकांनीही क्षमेबद्दल त्यांना सांगून पाहिलं होतं म्हणे. त्यांना उत्तर मिळालं, "मी तयारच हाय. मागनारा आना."

आणि ह्या वर्षी आमच्या शाळेत कार्यक्रम ठरला. रस्त्याकडेला रोपं लावल्याबद्दल त्याच ठेकेदाराचा सत्कार. त्याने पाडलेले वड मी मोजले नव्हते, त्याने लावलेली रोपंही कुणी मोजली नसावीत, त्यातली जगली किती ते तर विचारायलाच नको. मानपत्र लिहून आलं होतं. ते वाचायचं काम मराठीच्या बाई म्हणून माझ्याकडे. मी माईकपुढे गेले, पहिली ओळ पाहिली, 'वृक्षांवर पोटच्या लेकरांप्रमाणे माया करणारे', आणि म्हणाले, "हे मी वाचणार नाही." कागद टेबलावर ठेवला आणि खाली येऊन बसले. मग मुख्याध्यापकांनी स्वतः मानपत्र वाचलं, शाल दिली, नारळ दिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात नोटीस पडली. शिस्तभंगाचा खुलासा आठ दिवसांत द्यावा.

ती नोटीस घेऊन मी कोल्हारला गेले. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेले होते. मामा पेरूच्या झाडाखाली बसून छाटणीच्या कात्रीला धार लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"समोर पोरं किती हुती?"

"पाचशे असतील."

"आन माईक तुमच्या हातात हुता?"

"हो."

"मंग का वाचनार न्हाई त्ये सांगितलं का न्हाई?"

मी नोटिशीची घडी घालायला लागले.

"बाई, तुमी बसलात, सरांनी वाचलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना काय कळलं? बाईंचं डोकं दुखत हुतं!" त्यांचा आवाज चढला. झाडावर कुणीच नसताना तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. "बोलाया शिकलेली मानसं तुमी. आमी ओरडलो तर लोक हसत्यात. तुमी का गप बसता?"

मी ठाण्यात गप्प बसले होते, जिन्यात गप्प बसले होते, आणि पाचशे मुलांसमोर अर्धंच बोलून गप्प बसले होते. परतीच्या एसटीत मी नोटिशीच्या पाठीमागेच लिहायला सुरुवात केली. वर तुम्ही वाचलंत त्यातलं बहुतेक सगळं त्या खुलाशात आहे. सोमवारी तो मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला, आणि एक प्रत शिक्षकखोलीच्या फळ्यावर लावली.