शिंपी मास्तरांचा स्वीडिश उडीवाला

स्वीडनमध्ये आजवर जेवढे नामांकित नर्तक होऊन गेले, त्या सगळ्यांना घरच्यासारखं ओळखणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच होता, आणि तो पांढरकवड्याला मोटारस्टँडसमोर पायजमे शिवायचा. आम्ही सगळे तेव्हा राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूरच्या राज्यातून उठून मुंबईच्या राज्यात नुकते गेलो होतो. आमचे शिंपी मास्तर मनानं त्याच्याही पुढे, थेट स्टॉकहोमला राहायला गेले होते.

याला कारण मिशन दवाखान्यातली स्वीडिश नर्सबाई. तिचे झगे मास्तर शिवायचे. झगा तयार होईपर्यंत ती बाकावर बसून मोडक्या हिंदीत आपल्या गावच्या नाटकघराच्या गोष्टी सांगायची, आणि मायदेशी परत जाताना चित्रांच्या मासिकांचा एक गठ्ठा त्यांना देऊन गेली. त्यातली नावं मास्तरांच्या जिभेला वळेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं. पॅरिसला जाऊन नाचाची मंडळी काढणारा आणि थोड्याच वर्षांत ती मोडून बसणारा तो ‘कंपनीवाला’. स्टॉकहोमला जन्मलेली, पायाच्या बोटांच्या टोकावर नाचून युरोप गाजवणारी ती ‘बापाची पोरगी’. तिला तिच्या बापानंच शिकवलं होतं. तिचा विषय निघाला की मास्तरांचं मशीन थांबे.

“बाप लय कडक, बाबूसाहेब. पोरगी चक्कर येऊन पडे, तरी सोडे नाही. मी तिथं असतो तं बोललो असतो त्याले.”

ती पोरगी आणि तिचा बाप मरून जमाना लोटला होता, पण मास्तरांच्या रागाला ते मान्य नव्हतं.

तिचा तो घोट्याच्या वरचा, घंटेसारखा फुगून राहणारा घागरा हे त्यांचं दुसरं दुखणं. एकदा त्यांनी घरची मच्छरदाणी फाडली, सात थर एकावर एक चुणले, तांदळाच्या पेजेत बुडवले आणि दुकानासमोर दोरीवर वाळत घातले. संध्याकाळी स्टँडवरची बकरी ती सगळी पेज चाटून गेली आणि घागरा मान टाकून लोंबू लागला. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या चाचींनी, त्या रात्री डासांच्या तोंडी देऊन त्यांना अंगणात झोपवलं.

मी तहसिलीत नवा कारकून होतो. माझ्या पहिल्या पायजम्याला मास्तरांनी मियानी, म्हणजे दोन पायांमधला जोडतुकडा, एवढी मोठी लावली की दोन्ही पायांच्या मध्ये एक झोळीच लोंबत होती.

“मास्तर, मला काही उड्या मारायच्या नाहीत.”

“आज नाही,” ते शांतपणे म्हणाले. “कधी मारावी वाटली तं कापड आडवं नाही आलं पाह्यजे.”

उडी हाच त्यांचा खरा ध्यास. मशीनच्या वर भिंतीला एका नर्तकाचा फोटो होता. हात पसरलेले, पाय आडवे, आणि खाली जमीन कुठेच नाही. हा ‘उडीवाला’.

“इतके साल झाले, हा वरच हाय,” मास्तर म्हणायचे. “उतरते कसा? धप्पकन, का अलगद? सिस्टरले तेवढंच इचारायचं राह्यलं.”

मग एका हिवाळ्यात आमच्याकडे तंबूटॉकीज आली. तंबूची ठिगळं मास्तरच लावत, त्यामुळे मॅनेजरनं शेवटच्या दिवशी स्वतः येऊन खबर दिली की आज चित्रपटाआधीच्या वार्तापटात स्वीडनचा नाच आहे. मास्तरांनी भर दुपारी दुकान बंद केलं. पेटीतून शेरवानी काढली, अत्तर लावलं.

“उडीवाल्याच्या लग्नाले जाऊन राह्यले का?” चाचींनी विचारलं. मास्तरांनी शेरवानीची बटणं दोनदा चुकीच्या काजात घातली. शेवटी ती मी लावून दिली.

आम्ही पहिल्या खेळाला, पहिल्या ओळीत जमिनीवर बसलो. पडदा उजळला. एक गोरा माणूस धावत आला, फोटोतलाच की दुसरा कोण जाणे, आणि उडाला. त्याच क्षणी मास्तरांनी माझं मनगट असं आवळलं की मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तेव्हा तिथे कुठल्याशा धरणाचं काम सुरू झालं होतं.

“उतरला का?” डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

“उतरला.”

“कसा?”

गंमत म्हणून मी आयुष्यभर थापा मारत आलो. ही तेवढी गंमत म्हणून मारली नाही.

“मांजरावाणी,” मी म्हटलं. “आवाजच नाही.”

मास्तरांनी डोळे उघडले. “मंग बराबर हाय,” ते म्हणाले, आणि मुख्य चित्रपट सुरू व्हायच्या आत उठून घरी गेले.

सकाळी तंबू आर्णीला हलला. मी त्यांच्या मागे लागलो, चला, आर्णीला जाऊन तुमच्या डोळ्यांनी पाहू.

“कायले?” मास्तर म्हणाले. “तुमी पाह्यलं ना.”

पुढे माझी यवतमाळला बदली झाली. अजूनही पांढरकवड्याला गेलो की मास्तर हातातलं काम टाकून गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवतात. “यायनं सोता पाह्यलं हाय,” असं सांगतात आणि मला चहा मागवतात. मी मान डोलावतो, मांजराची सगळी नक्कल करून दाखवतो, चहा पितो. परतीच्या मोटारीत बसलो की त्या गोऱ्या माणसाला मनातल्या मनात खाली आणायला बघतो. यवतमाळ येतं, पण तो काही जमिनीला पाय लावत नाही.