विनंती थांबा

गावाची वेस न ओलांडता परदेशी जाऊन राहिलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. चितेगावात पैठण रस्त्याला लागून त्यांचं घर. जन्म तिथला, लग्न तिथलं, मुक्कामही कायम तिथलाच. पण निजामाच्या राज्यात वाढलेला हा माणूस पोलीस ॲक्शननंतर एका सकाळी हिंदुस्थानात उठला, पुढे कुणीतरी त्याला मुंबई राज्यात नेऊन बसवलं, आणि तिथे जरा टेकतोय तोवर महाराष्ट्र आला. "मी कुठं बी गेलो नाय," ते म्हणायचे, "मुलूखच माझ्या खालून सरकत गेला." त्यांची हिरवी मोटार मात्र या सगळ्या मुलखांत तीच होती. मूळची ती एका जहागीरदारांची, आणि आतोबा त्यांचे ड्रायव्हर. जहागीरदार सगळं आवरून निघून गेले तेव्हा मोटारीची किल्ली आतोबांच्या हातात ठेवून गेले. तेव्हापासून ते स्टेशनावर उतरणाऱ्या लोकांना दौलताबाद-वेरूळ दाखवून आणत, आणि मला शहरातल्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागून मी आत्याकडे राहायला आले तेव्हापासून रोज सकाळी मलाही सोडत.

त्यांच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोबत होते, आणि दौलताबादच्या अलीकडे अशी वावटळ उठली की काचेपुढचं काही दिसेना. मागे बसलेल्या यात्रेकरूंनी देवाचा धावा सुरू केला. आतोबा वळून म्हणाले, "जरा गप ऱ्हा मेहरबान, रस्ता बोलायलाय." मग खिडकीबाहेर कान काढून, चाकाखाली खडी वाजते की माती एवढ्या अंदाजावर त्यांनी गाडी किल्ल्यापर्यंत नेली. धूळ खाली बसली तेव्हा पाहिलं, तर मोटार रोजच्याच चिंचेखाली रोजच्याच जागी उभी होती. मी नकळत हात जोडले होते. आतोबा शांतपणे पान लावत होते.

पान हे त्यांचं अंतर मोजायचं मापही होतं. आधी कोस, मग मैल, मग ते किलोमीटर का काय ते आलं, तेव्हा त्यांनी सगळ्याच सरकारांचा नाद सोडला आणि दौलताबाद दोन पान, वेरूळ साडेतीन पान असा हिशोब कायम केला. हॉर्नबद्दलही त्यांचं स्वतंत्र मत होतं. हॉर्न म्हणजे माणसावर ओरडणं. समोर बैलगाडी आडवी आली की ते मोटार थांबवून खाली उतरत, चार पावलं चालत जात आणि गाडीवानाला रामराम घालून म्हणत, "जरा इजाजत द्यावी." गाडीवान इतका भांबावायचा की त्याच्याआधी बैलच बाजूला व्हायचे. शिवाय ज्या रस्त्यानं दहा हजार वेळा गेले असतील तोही रस्ता ते विचारूनच जात. शहागंजाच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला रोज सकाळी, "मियाँ, स्टेशन किधरसे?" आणि तोही रोज हात लांब करून सांगायचा. मी एकदा वैतागून म्हणाले, "आतोबा, तुम्हाला ठाऊक आहे की!" तर म्हणाले, "रस्ता ठाऊक हाय, म्हनून माणसाला इचारूच नाय व्हय?" मला शाळेत पोचायला रोज उशीर व्हायचा. मुख्याध्यापिका बाईंना खरं कारण सांगायची सोय नव्हती.

अशा या माणसाला एकच गोष्ट येत नव्हती. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. बोलत मराठी, भांडत मराठी, आत्याशी तर फारच मराठी. पण शिक्षण सगळं निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं. नव्या राज्यात रस्तोरस्ती बाळबोध अक्षरांच्या पाट्या लागल्या आणि आपल्याच गावात ते निरक्षर ठरले. मग मी संध्याकाळी त्यांना शिकवायला बसले. अक्षरं महिन्याभरात आली, पण डोळे सवयीनं उजवीकडून निघायचे. एकदा शहागंजात उसाच्या गुऱ्हाळावर 'रस' असं लिहिलेलं पाहून त्यांनी मोटार थांबवली आणि कळवळून म्हणाले, "काय दिवस आले बघ बाई. कॉलेजातले सर, अन् ऊस पिळायला बसविले!"

सरळ बाजूनं, एकही अक्षर न चुकता त्यांनी पहिल्यांदा वाचलेली पाटी पैठण रस्त्यावरची होती. एका लिंबाखाली नवाच खांब रोवला होता. "वि-नं-ती थां-बा," त्यांनी वाचलं आणि करकचून ब्रेक दाबला. मोटारीत आम्ही दोघंच. ते अदबीनं खाली उतरले, टोपी सारखी केली, पाटीपुढे मिनिटभर उभे राहिले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "बाई, आजवर मी फर्मान वाचलं, हुकूम वाचला, कर्फ्यूचा कागद वाचला. ह्ये पयलं सरकार बघ, आपल्याला विनंती करायलंय. ह्या मुलखात आपलं जमंल."

त्या पाटीचा अर्थ मला ठाऊक होता. पण पोलीस ॲक्शननंतर इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच "आपलं जमंल" म्हणाला होता, त्यामुळे मी गप्प बसले. तेव्हापासून आतोबा प्रत्येक विनंतीला मान देऊ लागले. मोटार थांबायची, तिथं उभी असलेली माणसं आपल्यासाठीच थांबली असं समजून आत चढायची, आणि सरकारची इच्छाच तशी दिसते म्हणून आतोबाही त्यांना नेऊन सोडायचे. दीड वर्ष मी कधी मिरच्यांच्या पोत्यावर, तर कधी कुणाची शेळी मांडीशी धरून शाळेत गेले.

मग परवान्याचं निघालं. जुना परवाना उर्दूतला; तो बदलून घ्यायचा, तर साहेबापुढे मोटार चालवून आणि पाट्या वाचून दाखवायच्या. नाही जमलं तर मोटार कायमची दारात. आतोबांनी आठ दिवस पान खाल्लं नाही. परीक्षेच्या दिवशी धीर द्यायला म्हणून मी मागे बसले. साहेब पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले, तरुण, कडक इस्त्रीचे. दौलताबादच्या रस्त्यावर आतोबांनी मोटार अशी नेली की साहेबांच्या हातातली पेन्सिल नुसतीच वर राहिली. पाट्याही धडाधड वाचल्या. आणि मग 'विनंती थांबा' आलं. मोटार थांबली.

"अहो, इथे का थांबलात?"

"विनंती हाय, साहेब."

"कोणाची?"

"सरकारची. म्हंजे तुमचीच की."

तेवढ्यात पेरूची पाटी घेतलेल्या एका म्हातारीनं पुढचं दार उघडलं. "सरका की जरा," असं साहेबांना म्हणून ती आत बसली आणि पाटी तिनं त्यांच्याच मांडीवर ठेवली. साहेबांना राग आला नाही. माणूस भला होता. पेरू सांभाळत त्यांनी नीट समजावून सांगितलं, "आजोबा, ही खांबावरची पाटी एसटीसाठी आहे. एसटी इथे एरवी थांबत नाही. प्रवाशानं हात दाखवला, म्हणजे विनंती केली, तरच थांबते. तुम्हाला कोणी विनंती केलेली नाही."

आतोबांनी मोटार पुढे काढली. त्यांनी म्हातारीला किल्ल्यापाशी उतरवलं आणि मोटार वळवून शहरात आणली. साहेबांनी कागदावर सही केली. "वाचन पक्कं आहे, अर्थ तेवढा कच्चा आहे," ते म्हणाले, "पण असा हात मी पाहिलेला नाही." परवाना मिळाला. मी आनंदानं पेढे घेऊ म्हणाले, तर आतोबा नुसते "हं" म्हणाले.

परतताना त्यांनी कुणालाही रस्ता विचारला नाही. नाक्यापाशी बैलगाडी आडवी आली तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला. त्या मोटारीचा हॉर्न मी पहिल्यांदाच ऐकत होते. समोर बघतच त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक व्हतं?"

"हो."

"मग सांगितलं कामून नाय?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही खुशीत होतात."

"खुशीत व्हतो," ते म्हणाले. "दीड साल मला वाटायलं, कुणीतरी आपल्याला इचारायलंय."

लिंबाखालची पाटी दिसली. तिथं एक बाप आपल्या लेकीला घेऊन उभा होता. पोरीच्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. त्यानं हात वर केला. मोटार सवयीनं हळू झाली, पण थांबली नाही. ती दोघं काचेपलीकडून मागे गेली. मी पुढे वाकून म्हणाले, "आतोबा, थांबा."

"कशापायी? पाटी एसटीची हाय."

"विनंती आहे."

"कुणाची?"

"माझी."

त्यांनी ब्रेक दाबला. टोपी सारखी केली आणि मोटार त्या दोघांपर्यंत उलटी नेली. खाली उतरून, दार उघडून त्या पोरीला म्हणाले, "या बाईसाहेब, तशरीफ ठेवा."

पुढे कितीतरी वर्षं ते मोटार चालवत होते. मी सोबत असले की त्या लिंबाच्या अलीकडे ते हळू व्हायचे आणि आरशातून माझ्याकडे बघायचे. मी विनंती करायची आणि त्यांनी थांबायचं, असं आमचं ठरून गेलं. लग्न होऊन मी दूर गेले, तेव्हाही मनात यायचं की आता आतोबा त्या पाटीपाशी कुणाच्या सांगण्यावरून थांबत असतील. दरवेळी आत्याकडे आले की विचारीन म्हणायची. ते गेले, आणि विचारायचं राहूनच गेलं.