दुसरी सुई

आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. पत्रकात प्रत्येक दुःखाला कारण असतं आणि ते कुणीतरी दूर करायचं असतं. म्हणून शेजारच्या काकू "मांजरीला नजर लागली" म्हणाल्या, तेव्हा मला पटलं नाही. त्यांची मांजर आणि तिची पिल्लं उलट्या-जुलाबांनी पाठोपाठ मेली होती. त्या हंगामात काकू ऊसतोडीहून परतल्या, तर बंद घरातली ज्वारीची कणगी उंदरांनी बुडापासून फोडलेली.

यंदा त्यांनी राहुरीच्या बहिणीकडून एक पिल्लू आणलं. मी म्हणाले, हा रोग आहे, त्यावर लस मिळते.

"मांजराला सुई? गाव हसंल."

"कणगी फुटली तेव्हा गाव कुठं होतं?"

काकूंनी कोंबड्यांचं डालगं उचललं आणि पिल्लू त्यात घातलं.

पाथर्डीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "कोंबडी हाय का?"

"वाघाची मावशी हाय."

"मंग खिडकीशी बसवा. बोचकारलं तर तिकीट डबल."

डॉक्टर म्हणाले, या रोगाचे जंतू घरात महिनोन्महिने टिकतात. त्यांनी सुई टोचली. "तीन-चार आठवड्यांनी दुसरी. तेव्हा रेबीजचीही देऊ. एकीवर भागत नाही."

"शेळीला तर एकदाच टोचत्यात," काकू म्हणाल्या.

"ही शेळी नाही."

काकूंनी बोटं मोजली. तेव्हा त्या कोपरगावकडे उसाच्या फडात असणार होत्या. त्यांच्या धाकट्या मुलाच्या लसीही अशाच फडात राहून गेल्या होत्या.

आगाऊ पैसे देऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक आला. शेळ्या चढल्या, कोंबड्या चढल्या, कुत्रंही चढलं. मांजर कुणी नेत नाही; मांजर घराचं असतं. दाराची खालची फळी काढून काकूंनी पिल्लाला ये-जा करायला फट ठेवली आणि कुलूप लावलं. मी रोज दूध-भाकरी ठेवायचे. मी पाठ फिरवली की मगच पिल्लू खायचं.

दुसऱ्या सुईच्या दिवशी मी डालगं घेऊन दाराशी बसले. आत अंधारात दोन डोळे तेवढे दिसत होते. दूध झालं, सुकट झालं, गोड बोलून झालं. दवाखाना दुपारी बंद व्हायचा. शेवटी काकूंना फोन लावला.

"फटीपाशी धर फोन," त्या म्हणाल्या.

स्पीकरवर आधी कोयत्यांचा आवाज आला. मग, "ये गं माझे बाय, ये ये. उंदरं मारतीस का नुसतीच लोळतीस?"

मागून कुणी बाप्या ओरडला, "फोनवर कुनाला जेवू घालतीस?"

"तुझ्या सासूला! तू मोळ्या बांध."

पिल्लू बाहेर आलं आणि फोनला डोकं घासू लागलं. मी त्याच्यावर डालगं पालथं घातलं.

दोन्ही सुया झाल्यावर स्टँडवरून काकूंना कळवलं.

"रडली का?"

"डॉक्टरांना बोचकारलं."

"बरं केलं. सुटलो ना आता?"

"आता एकदम वर्षाने."



"म्हंजी पुन्यांदा मी उसातच. माझा आवाज भरून ठेव मंग मोबाईलात."

"नको," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी तुम्हीच इथं असायला हवं."

"व्हय? मुकादमाला तू सांगती का?"