उसाच्या रसावर ढकललेला ताप

निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात. मी कोंबड्या पाळल्या. कागदाच्या गिरणीत उभा जन्म यंत्रांच्या गोंगाटात गेला, त्यामुळे शांतता मला सोसवत नव्हती. बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या बाहेर आमची थोडी केळीची बाग, कडेला घर आणि घरामागे कोंबड्यांची शेड. सकाळी आधी तुळशीला पाणी घालायचं, मग कोंबड्यांच्या पाण्याच्या ड्रममध्ये बूचभर अँटिबायोटिक ओतायचं, असा माझा नेम. कोंबडी आजारी पडली तरच पाच दिवस द्या, असं दुकानदाराने बजावलं होतं. मी रोज द्यायचो.

"बऱ्या हायेत ना त्या? मग दवाई कशाला?" बायकोने एकदा विचारलं.

"बऱ्या राहाव्यात म्हणून," मी म्हणालो. मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, बायकोने तर नाहीच.

त्या उन्हाळ्यात तिला अशक्तपणा आला होता. मी रोज कोमट दुधात घरचं कच्चं अंडं फेटून तिच्या हातात द्यायचो आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायचो नाही. ती नाक मुरडायची, पण प्यायची. अशात तिने बाजारात एक दिवस उसाचा रस घेतला. दोन दिवसांनी जुलाब आणि सडकून ताप. बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात भरती केलं. इंजेक्शनं सुरू झाली, तरी पाच दिवस ताप हटेना. ती ग्लानीत आणि मी बाहेर बाकावर. इतका घाबरलो होतो की हातातला चहा गार व्हायचा तरी कळायचं नाही.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. चालू औषधाला न जुमानणारे जंतू रक्तात सापडले होते. डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"काका, मावशी कच्ची अंडी खात होत्या का?"

"हो. घरचीच आहेत."

"और मुर्गियों को दवाई? चालू असते?"

"कधीतरी," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, रोज थोडं थोडं औषध मिळालं की कोंबड्यांच्या पोटातले जंतू त्याला पुरून उरतात. तेच जंतू अंड्यातून माणसात येतात. मग त्याच जातीचं औषध माणसालाही लागू पडत नाही. त्यांनी औषध बदललं. चार दिवसांनी ताप उतरला आणि ती वाचली.

शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मेला तो उसाचा रस. माझ्याच जिभेला चटक लागली होती."

मी मान डोलावली. त्या एका मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

दवाखान्यातून मुलगी तिला खंडव्याला घेऊन गेली. मी कोंबड्या काढून टाकल्या, तिला मात्र सांगितलं नाही. सहा महिने या घरात एकटाच वरण-भात शिजवतो आणि तोही अर्धा उरतो. पहाटे आपसूक जाग येते, हात बुचाकडे जातो आणि मग आठवतं की घरामागची शेड आता रिकामी आहे. फोनवर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या उसाच्या रसाची गोष्ट सांगताना ऐकू यायची. मी विषय बदलायचो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "अहो, येऊ का आता? ताकद आली थोडी. बाहेरचं काहीच नाही खाणार, सच्ची. आपल्या घरच्या अंड्याचं दूध तेवढं द्या पहिल्यासारखं. त्यानेच तर मी तगले."

माझ्याने राहवेना. "अगं, तो रस नव्हता," मी म्हणालो आणि ड्रमपासून रिपोर्टपर्यंत सगळं सांगून टाकलं.

पलीकडून नातीच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"तुम्हाला कधीपासून मालूम होतं?"

"दवाखान्यापासून."

तिने फोन मुलीकडे दिला. मुलगी म्हणाली, "बाबा, आई नंतर बोलेल." आज पाचवा दिवस आहे. मी दोन माणसांचा भात लावतो.