अकराव्या मजल्यावरची घार

बोरिवलीतली आमची जुनी बिल्डिंग पाडली आणि पत्र्याच्या कुंपणाआड नुसतं आभाळ उरलं. भाड्याच्या घरातून संध्याकाळी फिरायला निघालो, की पाय तरीही तिकडेच वळतात. मी मान वर करून अंदाजाने मजले मोजतो. अकराव्याच्या आसपास एखादी घार तरंगत असते. ती आमच्या हॉलमध्ये असते. स्वयंपाकघरातून एक केशरी ढग सावकाश जातो.

अजून न बांधलेल्या नव्या बिल्डिंगमधला हा अकरावा मजला आम्हाला चिठ्ठीत लागला. "ओळखीपाळखी नकोत, सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाका, न्याय म्हणजे न्याय!" असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत मोठ्याने मीच बोललो होतो. टाळ्या पडल्या. घरी माझ्या बोलण्यावर टाळ्या पडत नाहीत, म्हणून जरा जास्तच बोललो. मग मला डोंगर दिसणारा फ्लॅट लागला आणि न्यायावरचा माझा विश्वास एकदम वाढला.

शेजारच्या काकूंना तिसरा मजला लागला, मागच्या बाजूचा.

काकू मालवणकडच्या. काका गेल्यापासून एकट्या. जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. सकाळी त्या तिच्यावर लाटण्याने ठोकायच्या, इकडून माझी बायको ठोकायची. म्हणजे रात्र बरी गेली, आता चहा टाका. एकदा ठोका आलाच नाही. बायको ओल्या हातांनी धावली, तर काकू मोरीत पडलेल्या.

परवा आम्ही तिघं पत्र्यापाशी उभे होतो. झोपाळा कुठे टांगणार, ते मी हवेत बोटाने दाखवत होतो.

"खूप वर गेलंस रे झिला," काकू म्हणाल्या. "थंयसून माझो ठोको ऐकाक येतलो?"

मी घारीकडे बघत राहिलो.

"अहो न्यायमूर्ती," बायको म्हणाली, "काकूंच्या बाजूचा फ्लॅट ज्याला लागलाय ना, तो तोंड पाडून फिरतोय. अदलाबदलीला एका पायावर तयार होईल. नकाशा बघितलाय मी. दोन्ही स्वयंपाकघरं पाठीला पाठ आहेत."

"पण चिठ्ठी..."

"चिठ्ठीला काय माहीत, कोण कोणाला हाक मारतं?"

"आणि डोंगर?"

"गच्चीवरून बघा. तेवढंच पोट कमी होईल."

वर घार माझ्या हॉलमध्ये निवांत गिरक्या घेत होती. तिला झोपाळ्याची गरज दिसत नव्हती. मी एकेक वस्तू खाली आणायला लागलो. आधी झोपाळा, मग सोफा, मग देव. हवेतून सगळं अलगद उतरत होतं, कुठे जिन्याला घासलंसुद्धा नाही. तिसऱ्या मजल्यावर मागच्या जांभळाची फांदी हलत होती.

"काय बघतंस?" काकूंनी विचारलं.

"सामान हलवतोय."

"भिंत एकच असतली मां?"

मी तिथूनच त्या माणसाला फोन लावला. त्याने 'हॅलो' म्हणेपर्यंत डावीकडून काकूंनी पत्र्यावर बोटं वाजवली, उजवीकडून बायकोने.

"कसला आवाज येतोय हो?" त्याने विचारलं.

"भिंतीचा," मी म्हणालो. "त्याबद्दलच बोलायचं होतं."