आप्पांच्या पिशवीतला बूट

रोज सकाळी दुकानाला निघण्यापूर्वी आप्पा फ्रीजमधले बर्फाचे ट्रे आतल्याच पिशवीत रिकामे करत, पुन्हा पाण्याने भरून आत सरकवत आणि दार लावत. मग बूट घालता घालता परत फिरत आणि दार नीट लागलंय ना ते उघडून बघत.

"दार बंद आहे का ते दार उघडून बघणारा माणूस माझ्याच पदरात पडला," आई लेकीला म्हणायची.

गावातल्या फुटबॉल क्लबाची मॅच रविवारी असायची. बर्फ मात्र सोमवारपासून साठायला लागे. "काय सांगावं," आप्पा म्हणत, "नेमकी रविवारीच वीज गेली तर?"

त्यांचा धंदा फ्रीज दुरुस्तीचा. स्वतः त्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण क्लबातल्या चेंडूंमध्ये हवा भरणं, गोलच्या जाळ्या बांधणं, धुतलेल्या जर्सी उलट्या करून वाळत घालणं, सगळं त्यांच्याकडे. मॅच सुरू झाली की बर्फाची पिशवी घेऊन ते रेषेबाहेर उभे राहत. समोरच्या संघाचा खेळाडू पडला, तरी धावत पहिले हेच निघायचे.

क्लबात एक रीत होती. फार पूर्वी एक बचावपटू मुरगळलेला गुडघा घेऊन हट्टाने पुन्हा आत गेला होता. तो आता बाजारात शिलाईचं दुकान चालवतो आणि मशीन एकाच पायाने मारतो. तेव्हापासून ठरलं की जो लागून बाहेर येईल, त्याचा एक बूट आप्पा काढून घेणार आणि पिशवीत ठेवणार. आप्पांनी परत दिला तरच गडी आत. यात प्रशिक्षकाचंही काही चालायचं नाही.

आप्पांची मुलगी हे बघतच मोठी झाली, आणि लग्नही तिने त्याच संघाच्या सेंटर फॉरवर्डशी केलं. जावई खेळायला पहिला आणि थट्टेला त्याहून पहिला. एकदा लंगडत घरात आला. आप्पा धावत जाऊन बर्फ घेऊन आले, तेव्हा हा खुर्चीत पायावर पाय टाकून चहा पीत बसलेला. आप्पा त्याच्या प्रत्येक बोलण्याकडे संशयाने बघू लागले ते तेव्हापासून.

मोसमातली शेवटची मॅच होती. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात राहणार होता, हरला तर खाली जाणार होता. मध्यांतरानंतर थोड्या वेळाने एका उंच चेंडूवर जावई आणि समोरचा बचावपटू, दोघांनी एकदमच उडी मारली. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज मुलीला कट्ट्यावर ऐकू आला. ती उठून उभी राहीपर्यंत तो स्वतःच उठला होता आणि लोकांना हात करत होता. रेफरीने त्याला बाहेर पाठवलं.

"आप्पा, गिऱ्हाईक आलं बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

तो बाकावर बसला. आप्पांनी त्याच्या कपाळावर बर्फ धरला आणि म्हणाले, "जावईबापू, बूट काढा."

तो वाकला आणि आप्पांच्या बुटाची नाडी सोडू लागला.

सगळा बाक हसला. कट्ट्यावरून उतरून आलेली मुलगीही हसली. मग तिने आप्पांचा चेहरा पाहिला.

"स्वतःचा," आप्पा हळूच म्हणाले.

तो क्षणभर तसाच वाकून राहिला. "गंमत हो, आप्पा. चेहरा बघा तुमचा." आणि त्याने स्वतःचा बूट काढून दिला.

"आज वार कोणता?"

"रविवार. नाहीतर तुम्ही इथे कशाला असता?"

"सकाळी काय खाल्लंत?"

"तुमच्या लेकीच्या हातचं. म्हणून तर डोकं दुखतंय."

मास्तर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, घाईघाईने आले. बदली खेळाडू सगळे वापरून झाले होते. "आप्पा, बूट द्या. दहा जणांवर किती वेळ काढू?"

"थांबा जरा."

"सगळी उत्तरं बरोबर दिली की त्याने."

"दिली."

"मग?"

"मला कळत नाहीये, मास्तर."

"कळत नाही तर द्या ना."

"कळत नाही म्हणूनच देत नाही."

आप्पांनी मुलीला जवळ बोलावलं. "खरं सांग. थट्टा करत होता का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. एरवी त्याला हसू फुटण्याआधी तिला कळायचं. आज त्या चेहऱ्यावर तिला काहीच वाचता येईना. आणि ही मॅच त्याच्यासाठी काय होती, तेही तिला ठाऊक होतं.

"नेहमी असंच करतो तो," ती म्हणाली. ते खरं होतं, पण उत्तर नव्हतं.

"सासरेबुवा," कट्ट्यावरून आवाज आला, "जावई घरी जपा. इथे खेळू द्या." मास्तर पुन्हा ओरडले. आप्पांचा हात पिशवीच्या चेनवर गेला. मुलीने तो पाहिला. चेन थोडी उघडली. मग त्यांनी ती ओढून बंद केली, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि मैदानाकडे बघत उभे राहिले.

दहा जण दमले. शेवटी शेवटी एक साधासा चेंडू गोलकीपरच्या हातून सुटला आणि जाळीत गेला. संघ हरला. जाता जाता कुणीतरी म्हणालं, "आप्पा, बर्फ घरी न्या. सरबताला होईल."

संध्याकाळी आप्पा न बोलावता मुलीच्या घरी आले आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. जावई भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडला होता. घरी आल्यापासून तो कुणाशीच बोलला नव्हता.

"डोकं दुखतंय का?" आप्पांनी विचारलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.

"आता पुरे, आप्पा," मुलगी म्हणाली. "रागावलाय तो. घरी जा तुम्ही."

"जातो. एक शब्द बोलला की जातो."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ती उठून तो घट्ट करून आली. तेवढ्यात जावई या कुशीवर वळला आणि आप्पांकडे बघत अगदी समजूतदारपणे म्हणाला, "आप्पा, बूट द्या आता. मध्यांतर संपलं असेल."

ती त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. तो हसला नाही.

इस्पितळात त्याला ठेवून घेतलं. मेंदूला सूज होती, रक्तस्राव नव्हता. डोक्याला आणखी एक मार बसला असता तर काय, हे विचारायचा धीर आप्पांना झाला नाही. तिलाही नाही. बाकड्यावर दोघं शेजारी बसली होती. आप्पा उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून बसले होते. तो चेनवर गेलेला हात तिने पाहिला होता आणि तिने पाहिला हे त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलली नाहीत.

जावई बरा झाला. संघ खालच्या गटात खेळू लागला. तुमचं बरोबर होतं, असं आप्पांना कुणी म्हणालं नाही. तुमच्यामुळे हरलो, एवढं म्हणणं मात्र थांबलं. आप्पांची काळजी उलट वाढली. पूर्वी ते कुणी पडला की धावायचे, आता कुणी फार वेळ हसला तरी जवळ जाऊन वार विचारायचे. पोरं त्यांना चुकवायला मुद्दाम पलीकडच्या रेषेवरून बाहेर येत, आणि आप्पा धापा टाकत मैदानाला वळसा घालून तिथे पोचत.

ते गेले त्या रविवारी मॅच परगावी होती. आदल्या आठवड्यापासून दम लागत होता म्हणून आईने त्यांना जाऊ दिलं नाही. बर्फाची पिशवी त्यांनी जावयाच्या हातात दिली, ती कशी धरायची ते सांगितलं, मुलीला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. गाडी वळत असताना फाटकापर्यंत येऊन ते म्हणाले होते, "पोचलात की फोन करा. नाहीतर राहू दे, मीच करतो."